सेमिनरीच गावाकडे निघाली

मुक्त विद्यापीठ म्हटले, की आपल्याला नाशिक आठवते. नोकरी किंवा शेती सांभाळून पदवी घेतलेले कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतेच. पण आज मी सांगणार आहे ती हकीकत नाशिकचे विद्यापीठ निघाले त्या १९८९ सालाच्या पुष्कळ आधीची आहे, आणि तीही मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाची.

ग्वाटेमाला हा त्या काळी कॅथलिकबहुल देश होता. प्रेस्बिटेरियन मिशनरी तिथे १८८२ मध्ये पोहोचले. १९६० च्या सुमारास त्यांच्या दोनशेच्या आसपास मंडळ्या झाल्या होत्या, बऱ्याचशा खेड्यापाड्यांत. पाळक तयार करणारी सेमिनरी मात्र राजधानीत. १९६२ मध्ये तिच्या कामाचा हिशेब मांडला, तेव्हा पंचवीस वर्षांच्या खटाटोपातून मंडळ्यांत टिकून काम करणारे पाळक निघाले अवघे दहा! खेड्यातला पोरगा राजधानीत यायचा, शहरी राहणीला सरावायचा आणि मग गावाकडे फिरकायचाच नाही.

मग मंडळ्या चालवत कोण होते? चाळिशीतला एखादा शेतकरी, एखादा दुकानदार. रविवारची उपासना घेणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, भांडणे मिटवणे, मयतीला उभे राहणे, सगळे त्यांच्याच अंगावर. लोकांनी त्यांना केव्हाच आपले मानले होते. कमी होती ती शिक्षणाची. पण बायकामुले आणि उभे पीक टाकून वसतिगृहात जाऊन राहणार कसे?

राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि पुढे रॉस किन्सलर या मिशनऱ्यांनी हा प्रश्नच उलटा केला. यातले विंटर मुळात इंजिनियर. आधी सेमिनरी राजधानीतून उचलून सान फेलिपे या कॉफीच्या मुलखातल्या गावी नेली. तरी शेतकऱ्याला येणे जमेना. तेव्हा १९६३ पासून शिक्षकच आठवड्यातून एकदा जागोजागच्या केंद्रांवर जाऊ लागले. अभ्यास घरी करायचा, आपल्या सवडीने. त्यासाठी पुढे खास पुस्तके तयार झाली: थोडा मजकूर, लगेच प्रश्न, उत्तर आपले आपण ताडून पाहायचे आणि पुढे सरकायचे. काही वर्षांतच विद्यार्थ्यांची संख्या शंभराच्या वर गेली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत शिकवणे सुरू झाले ते १९७१ मध्ये, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

लोक कौतुक करतात ते त्या पुस्तकांचे. मला मात्र खरी करामत आठवड्याच्या बैठकीत दिसते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी या पद्धतीला लाकडी कुंपणाची उपमा दिली. आडव्या दोन पट्ट्यांपैकी एक घरच्या अभ्यासाची, दुसरी मंडळीतल्या कामाची. मधले खांब म्हणजे या बैठका. खांब नसतील तर पट्ट्या जमिनीवरच पडणार. काल वाचलेले आणि परवा मयतीच्या घरी बोललेले यांची गाठ तिथे पडायची. वसतिगृहातल्या तरुणाजवळ हा परवाचा अनुभव कुठून असणार?

टीका झाली नाही असे नाही. हे दुय्यम दर्जाचे शिक्षण, घाईत उरकलेले, असे अनेकांना वाटे. त्यात थोडे तथ्यही होते. दिवसभर राबून आलेल्या माणसाची रात्री किती पाने वाचून होणार? मोठे ग्रंथालय नाही, भाषांचा सखोल अभ्यास नाही. शिवाय एक अवघड प्रश्न होताच: पगार न घेता, आपल्या घामावर जगून मंडळी सांभाळणारा हा माणूस पाळक म्हणायचा की नाही? दीक्षा आणि पगार यांची इतकी सांगड बसली होती, की अभ्यासक्रम बदलणे त्या मानाने सोपे गेले.

ही पद्धत लवकरच इतर देशांत पसरली. १९७१ मध्ये बंगळूरला ‘तफ्ती’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. ईशज्ञानाचे हेच शिक्षण भारतातल्या प्रापंचिक ख्रिस्ती मंडळींपर्यंत तिने नेले, तेही त्यांच्या नोकरीधंद्याला धक्का न लावता.