टायरला जादा चिरा दिल्याने पकड वाढते का? : एक थ्रेड

१७ एप्रिल १९२३ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जॉन एफ. साइप याच्या नावे क्रमांक १४५२०९९ चे पेटंट मंजूर केले. कल्पना एका वाक्यात मावणारी होती : टायरच्या रबराला आडव्या, बारीक चिरा दिल्या, तर निसरड्या रस्त्यावर त्याची पकड वाढेल. आज इंग्रजीत अशा चिरेला 'साइप'च म्हणतात. आडनावाचे सामान्यनाम होण्याचे भाग्य फार थोड्या संशोधकांना लाभले आहे.

साइपविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. तो खाटीकखान्यात कामाला होता, ओल्या फरशीवरून घसरून वैतागला आणि त्याने बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या. दुसऱ्या पाठात खाटीकखान्याच्या जागी जहाजाचा डेक येतो. एकाच घटनेची दोन स्थळे सांगितली जाऊ लागली, की अभ्यासकाने सावध व्हावे. पेटंट टायरसंबंधी आहे, बुटांसंबंधी नाही. डेक आणि बुटांची कथा प्रत्यक्षात पॉल स्पेरी याला अधिक शोभते. कनेक्टिकटमधील या नौकाप्रेमीने आपल्या कुत्र्याला बर्फावरून न घसरता धावताना पाहिले, त्याच्या पंजावरील भेगा न्याहाळल्या आणि तशाच चिरा रबरी तळव्यांत कोरून १९३५ मध्ये 'टॉप-सायडर' बूट बाजारात आणला. या दोन्ही कथा पुढे एकमेकींत मिसळल्या असाव्यात.

टायरच्या व्यवहारात मात्र ही कल्पना बराच काळ पडून राहिली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस साइपचा मुलगा हॅरी याने ती कमी दाबाच्या टायरांसाठी पुन्हा पुढे आणली. पण तिचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला तो १९५० च्या दशकात. कारण साधे होते. चिरा झेलूनही न फाटणारे, न तुटणारे रबर त्याआधी नव्हते.

या चिरा नेमके काय करतात? बर्फावर टायर टेकतो तेव्हा मधे पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि खरी घसरण त्या थरामुळे होते. प्रत्येक चिरेला दोन धारा असतात. नक्षीचा ठोकळा किंचित वाकला, की या धारा पाण्याचा थर पुसतात आणि बर्फात रुततात. भुसभुशीत हिम चिरांत अडकते, आणि हिमावर हिमाची पकड रबरापेक्षा चांगली बसते. म्हणून हिवाळी टायरांवर अशा चिरा शेकड्यांनी नव्हे, हजारांनी असतात.

आता वादाचा मुद्दा. वायव्य अमेरिकेतील लेस श्वाबसारख्या दुकानांत यंत्राने टायरला जादा चिरा पाडून देण्याची प्रथा रुजली. तिच्या समर्थनार्थ नॅशनल सेफ्टी कौन्सिलच्या १९७८ च्या अभ्यासातील आकडे हमखास पुढे केले जातात : थांबण्याच्या अंतरात २२ टक्के, चाक सुटण्यापूर्वीच्या पकडीत ६५ टक्के आणि फिरत्या चाकाच्या पकडीत २८ टक्के सुधारणा. हे आकडे आरशासारख्या गुळगुळीत बर्फावरचे आहेत. आकडा तेवढा फिरत राहिला आणि त्याची अट मागे पडली. ऐतिहासिक साधनांच्या बाबतीतही नेहमी हेच घडते.

पुढे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नियतकालिकाने जादा चिरा दिलेले टायर तपासले. हिमावरील पकड आणि बर्फावरील ब्रेक माफक, पण निश्चित सुधारले. कोरड्या व ओल्या डांबरी रस्त्यावर मात्र थांबण्याचे अंतर वाढले. हे अपेक्षितच म्हणावे लागेल. ठोकळ्याचे जितके तुकडे, तितका तो लवचीक. ब्रेक दाबताच तो डळमळतो, तापतो, झिजतो.

मुसळधार पावसातील साचलेल्या पाण्याचा प्रश्न तर सर्वस्वी वेगळा आहे. टायर रस्त्याला टेकताच चिरा बहुतांशी मिटतात; पाणी बाहेर फेकण्याचे काम रुंद, खोल चरांचे. १९६० च्या दशकात नासाच्या वॉल्टर हॉर्न आदी संशोधकांनी विमानांच्या चाकांवरून एक सूत्र काढले. पाण्याची खोली नक्षीला पुरून उरली, की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हा त्यातील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाची नऊपट असतो (वेग नॉटमध्ये, दाब पीएसआयमध्ये). ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. दाब कमी, तर तरंगणे आणखी लवकर. या सूत्रात चिरांना स्थानच नाही. कोकणातल्या पावसात गाडी चालवणाऱ्याला चिरांपेक्षा चरांची खोली आणि हवेचा दाब अधिक तारतात.

कारखान्यातील चिरा आणि दुकानातील चिरा यांतही फरक आहे. कारखान्यात साच्यात बसवलेली पोलादी पाती टायर घडतानाच चिरा उमटवतात. आधुनिक टायरांत या चिरांच्या भिंती नागमोडी असतात. जोर येताच त्या एकमेकींत अडकतात आणि ठोकळा ताठ राहतो. दुकानातील यंत्र सरळ पात्याने कापते, त्यामुळे हा आधार मिळत नाही.

आपल्याकडे रस्त्याकडेला तापलेल्या पात्याने गुळगुळीत टायरवर नव्याने नक्षी कोरतात, तो प्रकार यांपैकी कशातच मोडत नाही. ट्रकच्या काही टायरांत त्यासाठी तळाशी जादा रबर ठेवलेले असते आणि कडेवर तशी खूणही असते. ती खूण नसलेल्या टायरवर पाते चालवले, तर ते थेट आतील धाग्यांच्या थरापर्यंत पोहोचू शकते, आणि वरून पाहणाऱ्याला टायर नव्यासारखा दिसतो.