बेचाळीसच्या लढ्याच्या दोन स्मृती : उल्हासनगर परिसरातील हेमू कलानी आणि भाई कोतवाल

प्रस्तावना

स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास ग्रंथांतून लिहिला जात असला, तरी सर्वसामान्य माणसापर्यंत तो पोहोचतो तो रस्त्यांच्या नावांतून, चौकातील पुतळ्यांतून, टपाल तिकिटांतून, शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटुकल्यांतून आणि चित्रपटांतून. अशा माध्यमांतून घडणाऱ्या लोकस्मृतीकडे दीर्घकाळ इतिहासाचे दुय्यम रूप म्हणून पाहिले गेले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये सामूहिक स्मृतीचा विचार मांडला आणि स्मरण ही समूहाच्या चौकटीत घडणारी क्रिया आहे, हे दाखवून दिले. पुढे पिएर नोरा यांनी ‘स्मृतिस्थळ’ ही संकल्पना रूढ केली. भारतात शाहिद अमीन यांनी चौरीचौरा येथील १९२२ च्या घटनेचा अभ्यास करताना गावाची आठवण आणि राष्ट्राची आठवण यांतील अंतर तपासले.

प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि मुरबाड या पट्ट्याचा विचार केला आहे. या पट्ट्यात १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनातील दोन हुतात्म्यांची स्मृती जपली जाते. पहिले भाई कोतवाल. त्यांना २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात वीरमरण आले. दुसरे हेमू कलानी. त्यांना २१ जानेवारी १९४३ रोजी सिंधमधील सक्कर येथील तुरुंगात फाशी देण्यात आली. दोघांच्या बलिदानात केवळ १९ दिवसांचे अंतर आहे. दोघांची लढ्याची रीतही सारखीच होती. असे असूनही एकाच जिल्ह्यात नांदणाऱ्या या दोन स्मृती एकमेकींना भेटत नाहीत. त्या का भेटत नाहीत, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

छावणीचे शहर

उल्हासनगरचा जन्मच युद्ध आणि फाळणी यांच्या संधिकालात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ ब्रिटिश सरकारने सैनिकांसाठी छावणी उभारली होती. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे १,००,००० निर्वासितांना वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. उल्हास नदीवरून आलेल्या या नावाला आनंदाचाही अर्थ आहे. तो त्या काळच्या रहिवाशांच्या वाट्याला कितपत आला असेल, हा वेगळा प्रश्न आहे. ८ ऑगस्ट हा मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’ ठराव संमत झाल्याचाही दिवस होय. शहराच्या वर्धापनदिनी या योगायोगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

शहराचे पाच भाग आजही ‘कॅम्प’ या शब्दाने आणि क्रमांकानेच ओळखले जातात. अंबरनाथच्या हद्दीला लागून असलेल्या कॅम्प ५ मध्ये पत्ता सांगताना अजूनही बॅरेकचा क्रमांक आणि सेक्शन सांगावा लागतो. मूळ बॅरेकी पाडून तेथे इमारती झाल्या, तरी क्रमांक टिकून आहेत. ज्या साम्राज्याच्या सैन्याची वाट अडविण्याच्या प्रयत्नात हेमू कलानी पकडले गेले, त्याच साम्राज्याने आपल्या सैनिकांसाठी बांधलेल्या बॅरेकींत त्यांचे देशबांधव निर्वासित म्हणून राहावयास आले. रोजच्या पत्त्यातील हा इतिहास इतका सवयीचा झाला आहे की, तो इतिहास आहे हेच जाणवत नाही.

हेमू कलानी : स्थळ गमावलेली स्मृती

हेमू कलानी यांचा जन्म २३ मार्च १९२३ रोजी सक्कर येथे झाला. त्यांच्या आठव्या वाढदिवशी, २३ मार्च १९३१ रोजी, लाहोर येथे भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी झाली. तारखांचा हा जुळून आलेला योग सिंधी समाजातील कथनात पुनःपुन्हा सांगितला जातो. ऑक्टोबर १९४२ मध्ये सैन्य आणि शस्त्रसामग्री घेऊन जाणारी गाडी सक्करवरून जाणार असल्याचे कळताच हेमू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळांच्या सांध्यांवरील पट्ट्या काढण्याचा प्रयत्न केला. सहकारी निसटले, हेमू पकडले गेले. सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. लष्करी कायद्याखाली खटला चालला आणि वयाच्या विसाव्या वर्षी ते फासावर गेले.

फाळणीनंतर या स्मृतीपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. हुतात्म्याचे गाव, तो रेल्वेमार्ग, तो तुरुंग हे सारे परदेशात गेले. पुण्यतिथीला जेथे फूल वाहावे, अशी जागाच उरली नाही. त्यामुळे ही स्मृती स्थळावर उभी न राहता नावावर उभी राहिली. चेंबूर येथील रस्त्याला हेमू कलानी यांचे नाव मिळाले. १९८३ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २००३ मध्ये संसद भवनाच्या आवारात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. सिंधी संस्था २३ मार्च आणि २१ जानेवारी हे दिवस पाळतात.

या स्मरणामागे केवळ कृतज्ञता नाही. स्वतःचे राज्य नसलेल्या, १९६७ पर्यंत भाषेला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान नसलेल्या समाजाला ‘निर्वासित’ या शब्दाला उत्तर हवे होते. आम्ही आश्रय मागावयास आलेलो नाही, या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आमच्याही मुलाने प्राण दिले आहेत, हे ते उत्तर होते. राष्ट्रगीतातील सिंधचा उल्लेख वगळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळली. हा उल्लेख आणि हेमू कलानी यांचे नाव, हे दोन्ही सिंधी समाजासाठी नागरिकत्वाचे भावनिक दाखलेच ठरले आहेत.

भाई कोतवाल : स्थळाशी बांधलेली स्मृती

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कोतवालांनी कर्जत परिसरातील शेतकरी आणि आदिवासी यांच्यासाठी स्वयंसेवी शाळा काढल्या आणि सावकारी पाशाला पर्याय म्हणून धान्यकोठ्या सुरू केल्या. माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्षही होते. १९४२ मध्ये त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईच्या कारखान्यांना आणि रेल्वेला वीज पुरविणाऱ्या तारांचे मनोरे पाडणे, हे या दस्त्याचे प्रमुख कार्य होते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या जंगलात दस्त्याला गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

कोतवालांच्या स्मृतीला जागा आहे. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगड येथे बलिदान दिन पाळला जातो आणि कर्जत, मुरबाड, बदलापूर परिसरातून लोक तेथे जमतात. मुंबईत दादर येथे प्लाझा चित्रपटगृहाजवळील उद्यानाला त्यांचे नाव आहे. मात्र ‘कोतवाल गार्डन’ हा पत्ता सांगणाऱ्या अनेकांना कोतवाल कोण, हे सांगता येणार नाही. जागा स्मृती टिकविते. परंतु तिला त्या जागेपुरती मर्यादितही करते. सिद्धगडाच्या पायथ्याशी जो हुतात्मा जिवंत आहे, तो दादरला केवळ बसथांब्याचे नाव होऊन राहतो.

चित्रपट आणि निवड

लोकप्रिय चित्रपटाने ही दरी कितपत भरून काढली? १९४८ मध्येच ‘शहीद’ या हिंदी चित्रपटाने बेचाळीसच्या आंदोलनाला पडद्यावर आणले. १९९४ मधील ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’मध्ये तो काळ प्रेमकथेची पार्श्वभूमी बनला. उषा मेहता आणि गुप्त काँग्रेस रेडिओ यांवरील ‘ऐ वतन मेरे वतन’ २०२४ मध्ये आला. भगतसिंगांवरील दोन हिंदी चित्रपट तर ७ जून २००२ या एकाच दिवशी प्रदर्शित झाले. यावरून व्यावसायिक चित्रपट आधीच परिचित असलेल्या वीराकडे अधिक ओढला जातो, असे दिसून येते. कोतवालांवरील ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपट येण्यास २०२० साल उजाडावे लागले. हेमू कलानी यांना हिंदी चित्रपटाच्या मुख्य प्रवाहात स्थान लाभले नाही. १९५८ चा ‘अबाणा’ हा सिंधी चित्रपट फाळणीच्या पार्श्वभूमीवरचा होता. सिंधी समाजाच्या मनात स्वातंत्र्याची आठवण घर सुटल्याच्या आठवणीपासून वेगळी काढता येत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

स्मृतीतून गळलेले

लोकस्मृती काय जपते याइतकेच ती काय गाळते, हेही महत्त्वाचे आहे. हेमू कलानी यांच्या कथेत लष्करी कायद्याचा उल्लेख येतो. पण तो कायदा सिंधमध्ये का लागू होता, हे क्वचितच सांगितले जाते. पीर पगारो सिबगतुल्ला शाह यांच्या हूर अनुयायांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध केलेला उठाव मोडण्यासाठी १९४२ मध्ये तो लादण्यात आला होता. हेमूंच्या फाशीनंतर दोन महिन्यांनी, २० मार्च १९४३ रोजी, पीर पगारो यांनाही फाशी झाली. हूरांच्या हिंसेची झळ सिंधमधील हिंदूंनाही पोहोचली असल्यामुळे या दोन घटना समाजमनात जोडल्या जाणे अवघडच होते. तरीही एकाच लष्करी राजवटीखाली, एकाच हिवाळ्यात दिलेल्या या दोन फाशी फाळणीने दोन राष्ट्रांत वाटून टाकल्या, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

कोतवालांच्या बाबतीतही गाळणी आहे. पाडलेले मनोरे आणि जंगलातील गोळीबार स्मरणात राहिले. धान्यकोठ्या आणि शाळा मागे पडल्या. वास्तविक दस्त्याला जंगलात आसरा मिळाला, तो या आधीच्या कामामुळे कमावलेल्या विश्वासावर. भूमिगत लढा हा एका रात्रीत उभा राहत नाही, हा कोतवालांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा धडा लोकस्मृतीत पुसट झाला आहे.

दोन्ही कथांतील तिसरी गाळणी म्हणजे त्यांचे परस्परांशी असलेले नाते. रुळांच्या पट्ट्या काढणे आणि विजेचे मनोरे पाडणे ही एकाच विचाराची दोन रूपे होती. दळणवळण आणि वीज ही युद्धकालीन सत्तेची नाडी आहे, हे सक्करच्या विद्यार्थ्याने आणि माथेरानच्या वकिलाने एकमेकांना न भेटता ओळखले होते. ‘चले जाव’ आंदोलन मध्यवर्ती नेतृत्व तुरुंगात असतानाही देशभर कसे पसरले, याचे इतके बोलके उदाहरण एकाच जिल्ह्याच्या स्मृतीत क्वचितच सापडेल. परंतु एक स्मृती सिंधीत आणि हिंदीत बोलते, दुसरी मराठीत; एक समाजाच्या सभागृहात पाळली जाते, दुसरी डोंगराच्या पायथ्याशी. हुतात्म्यांना एकमेकांपासून तोडणारी रेषा स्वातंत्र्यलढ्यात नव्हती. ती नंतरच्या वस्तीच्या, भाषेच्या आणि जातिसमूहांच्या रचनेत निर्माण झाली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, लोकस्मृतीचे आयुष्य घटनेच्या थोरवीपेक्षा ती जपणाऱ्या समूहाच्या गरजेवर अधिक अवलंबून असते. दोन, स्थळ गमावलेली स्मृती नाव, तिकीट आणि पुतळा यांचा आधार घेते, तर स्थळाशी बांधलेली स्मृती त्या परिसराबाहेर क्षीण होते. तीन, समूहाने जपलेली स्मृती हुतात्म्याला जिवंत ठेवते. पण हळूहळू त्याला त्या समूहापुरताच उरविते.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. उल्हासनगर आणि अंबरनाथच्या महाविद्यालयांत सिंधी, मराठी, आगरी, आदिवासी आणि उत्तर भारतीय कुटुंबांतील मुले एकाच बाकावर बसतात. निर्वासितांच्या पहिल्या पिढीतील, सक्कर प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत. सिंधी माध्यमाच्या शाळा कमी होत गेल्या, तशी घरातील आठवण वर्गापर्यंत पोहोचण्याची वाटही अरुंद झाली. अशा वेळी इतिहास विभागांनी २ जानेवारी ते २१ जानेवारी हा कालखंड एकत्रितपणे स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी योजावा. कॅम्प ५ मधील विद्यार्थ्याने सिद्धगड पाहावा आणि मुरबाडच्या विद्यार्थ्याने बॅरेकीतील वृद्धांची कहाणी नोंदवून घ्यावी. सक्करचा तुरुंग आता पाहता येणार नाही. त्याची आठवण सांगणारा आवाज मात्र अजून काही काळ ऐकता येईल, आणि तो नोंदवून ठेवण्यास उपलब्ध असलेला वेळ मर्यादित आहे.