‘मेरिट’चा तारा आणि बंद दरवाजा

ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली देशी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे मानचिन्ह काढले. आठ टोकांचा तारा, मध्ये निळ्या मिन्यावर तिरक्या तलवारी, गडद निळ्या फितीला लाल काठ. मानाबरोबर वाढीव पगारही मिळे. व्हिक्टोरिया क्रॉस मात्र १९११ पर्यंत हिंदी शिपायाला खुला नव्हता. तो खुला होताच या मानचिन्हाचा पहिला वर्ग रद्द झाला. १९४७ साली ते बंदच झाले.

गोऱ्या-काळ्यांतला हा भेद इतिहासकार सांगतात. त्याच्या आतला भेद कोणी सांगायचा? कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईतील महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. पण १८९० नंतरच्या काही वर्षांत ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त पुढे करून त्याच महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज भासली तेव्हा महार पलटण उभारली. १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट आली ती १९४१ साली.

ज्याला रणात उभेच राहू द्यायचे नाही, त्याने शौर्य सिद्ध कोठे करावे? आणि पदकांच्या यादीत नाव नाही म्हणून त्यालाच नालायक ठरवायचे!

आज महाविद्यालयात, कचेरीत आपल्याला ‘मेरिट’ विचारले जाते. आपण आधी विचारले पाहिजे : दरवाजा कोणासाठी उघडा होता?