बोगदा-खनन यंत्रातील द्रवीय यंत्रणा

पंपाने तेलावर दिलेला दाब नळ्यांवाटे सिलिंडरांतील दट्ट्यांपर्यंत पोहोचवून अवजड यंत्र पुढे ढकलणारी यंत्रणा. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांच्या नियमावर ती आधारलेली आहे. याच नियमानुसार जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व मिळविले.

थेम्स नदीखालील बोगद्यात (१८२५–४३) मार्क ब्रुनेल यांची खननढाल मळसूत्री जॅकांनी सरकविली जाई. आल्फ्रेड बीच यांनी न्यूयॉर्कमध्ये १८६९-७० मध्ये द्रवीय जॅक वापरले. प्रत्येक जॅकला स्वतंत्र झडप असल्याने ढालीची दिशाही बदलता येऊ लागली.

मुंबई मेट्रो मार्ग ३ साठी अंधेरी पूर्व भागात हेच तत्त्व उपयोगी पडले. मरोळच्या पाली मैदानापासून आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंतचा सु. १.२६ किमी. बोगदा सप्टेंबर २०१८ मध्ये आरपार झाला. अशा यंत्राचे दट्ट्ये मागील काँक्रीट कड्याला रेटा देतात. दाब दर चौ. सेंमी.ला ३०० किग्रॅ. असल्यास ३० सेंमी. व्यासाचा एकच दट्ट्या सु. २१२ टन रेटा देतो. नंतर दट्ट्ये आखडून मोकळ्या जागेत नवे कडे बसवितात. रेटा असमान झाल्यास बोगदा आखणीपासून ढळतो व कड्यांना तडे जातात. म्हणून दाट वस्तीखाली बळापेक्षा त्याचे नियंत्रणच निर्णायक ठरते. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला.