भात आणि पास्ता : कॅलरी मोजताना वजन कोरडे धरायचे की शिजलेले?

१०० ग्रॅम भातात किती कॅलरी असतात, हे शोधायला गेले की एका ठिकाणी १३० हा आकडा मिळतो, तर दुसऱ्या ठिकाणी ३५६. हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला शिजलेल्या भाताचा आहे आणि दुसरा कोरड्या तांदळाचा. पास्त्याचेही तसेच आहे. कोरड्या पास्त्यात १०० ग्रॅममागे साधारण ३७० कॅलरी असतात, शिजलेल्यात १५८ च्या आसपास. वजन एका अवस्थेत केले आणि आकडा दुसऱ्या अवस्थेचा लावला, तर हिशेब दुपटी-तिपटीने चुकतो.

फरक कशामुळे पडतो?

तांदूळ शिजताना पाणी शोषून घेतो. पाण्यात कॅलरी नसतात, त्यामुळे वजन वाढते पण एकूण कॅलरी तेवढ्याच राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३५६ कॅलरी आणि ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. (हे तक्ते ऊर्जा किलोज्यूलमध्ये देतात. त्या आकड्याला ४.१८४ ने भागले की रोजच्या बोलण्यातली कॅलरी मिळते.)

या १०० ग्रॅमचा भात किती होईल, हे पाण्यावर अवलंबून असते :

• पुलावासाठी मोकळा शिजवलेला, सुमारे २५० ग्रॅम : १०० ग्रॅम भातात १४२ कॅलरी
• रोजचा मऊ भात, सुमारे ३०० ग्रॅम : १०० ग्रॅम भातात ११९ कॅलरी
• गुरगुट्या भात, सुमारे ४०० ग्रॅम : १०० ग्रॅम भातात ८९ कॅलरी

म्हणजे १३० हा आकडासुद्धा सरासरीचाच आहे. तुमच्या घरचा भात किती मऊ असतो, त्यावर खरा आकडा ठरतो. त्यामानाने तांदळाच्या जातीने फारसा फरक पडत नाही. कोलम, बासमती, उकडा किंवा हातसडीचा, कोरड्या वजनावर सगळ्यांच्या कॅलरी ३५० च्या आसपासच येतात. हातसडीच्या तांदळात तंतू जास्त असतात, पण कॅलरी कमी नसतात.

चूक कुठे भोवते?

समजा, तुम्ही एका वेळच्या जेवणासाठी ७५ ग्रॅम कोरडे तांदूळ मोजले आणि अॅपमध्ये ‘शिजलेला भात, ७५ ग्रॅम’ अशी नोंद केली. नोंद होते ९८ कॅलरींची, पोटात जातात २६७. दोन्ही वेळच्या जेवणात हेच झाले, तर दिवसाला सुमारे ३४० कॅलरी हिशेबाबाहेर राहतात. महिनाभर ‘मोजून खाऊनही’ वजन का हलत नाही, याचे उत्तर कित्येकदा इथे सापडते. उलट चूक झाली, तर माणूस विनाकारण उपाशी राहतो.

जेवणातली कर्बोदके मोजून इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्यांसाठी ही चूक धोक्याची आहे. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात. ती ७८ धरून इन्सुलिन घेतले, तर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. आपण कोणता आकडा वापरतो, हे अशा रुग्णांनी डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे.

कुकरमधल्या भाताचा हिशेब

सगळ्या घराचा भात एकत्र शिजतो, त्यामुळे आपल्या वाट्याचे तांदूळ वेगळे मोजता येत नाहीत. त्यासाठी पुढची रीत सोपी आहे.

१. कुकरचा रिकामा डबा एकदा काट्यावर ठेवून त्याचे वजन लिहून ठेवा.
२. तांदूळ धुण्याआधी मोजा. धुतलेल्या तांदळाला पाणी लागलेले असते.
३. भात झाल्यावर डब्यासकट वजन करा आणि त्यातून डब्याचे वजन वजा करा.
४. ताटात वाढलेल्या भाताचे वजन करा.

उदाहरणार्थ, २५० ग्रॅम तांदळाचा ७५० ग्रॅम भात झाला आणि तुम्ही १५० ग्रॅम वाढून घेतला. हा एकूण भाताचा पाचवा हिस्सा, म्हणजे ५० ग्रॅम तांदूळ. कॅलरी झाल्या १७८. तांदूळ आणि पाण्याचे प्रमाण रोज तेच असेल, तर हे एकदा करणे पुरे. पुढे ‘भाताचे वजन भागिले ३’ एवढेच करायचे.

पास्ता

पास्ता भरपूर पाण्यात उकळून निथळतात, त्यामुळे किती पाणी घातले यावरून काही कळत नाही. साधारण १०० ग्रॅम कोरड्या पास्त्याचा शिजल्यावर २२० ते २४० ग्रॅम होतो. किंचित कडक ठेवला तर कमी, जास्त वेळ उकळला तर अधिक. पाकिटावर १०० ग्रॅममागे छापलेल्या कॅलरी सहसा कोरड्या पास्त्याच्या असतात, म्हणून तो कोरडाच मोजावा. एका माणसाचे ८० ग्रॅम धरले, तर सुमारे ३०० कॅलरी होतात. सॉस, चीज आणि तेल यांच्या कॅलरी वेगळ्या मोजायच्या.

काटा नसेल तर

१५० मिलीची वाटी सपाट भरली, तर शिजलेला भात साधारण १०० ग्रॅम बसतो. तीच वाटी कोरड्या तांदळाने भरली, तर सुमारे १२५ ग्रॅम बसतात. म्हणून नुसते ‘एक वाटी’ लिहू नका, ‘एक वाटी भात’ की ‘एक वाटी तांदूळ’ हे लिहा. दाबून भरलेल्या वाटीत भात बराच जास्त मावतो. पास्त्याला वाटीचे माप चालत नाही, कारण पेने आणि स्पॅगेटी एकाच वाटीत सारख्या वजनाने बसत नाहीत.

काही शंका

मांड काढला तर कॅलरी निघून जातात का? थोडा स्टार्च मांडाबरोबर जातो, बाकीचा दाण्यातच राहतो. हिशेबात काही वजा करू नये.

वरून घातलेल्या तुपाचे काय? एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तुपाच्या सुमारे ४५ कॅलरी. फोडणीच्या भातातले तेलही असेच वेगळे धरावे.

पोहे, रवा, साबुदाणा? नियम तोच. भिजवण्याआधी मोजले असतील, तर आकडाही कोरड्याचाच लावायचा.