वऱ्हाडची बेगमी

1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव कडाडला. 1867 मध्यें मुंबईचा लोहमार्ग अकोला, बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोंचला. हातीं पैसा आला. पण ज्वारीच्या रानांत कपाशी शिरली आणि पेवांतल्या धान्याऐवजीं बाजारचें धान्य घरांत येऊं लागलें. पुढें 1899-1900 च्या दुष्काळांत तोच रुपया हलका ठरला. म्हणून सुगींत, भाव उतरलेले असतांना, वर्षाची ज्वारी-तूर भरून ठेवणें हीच खरी काटकसर. काकवी घेतांनाही हीच कसोटी लावावी. पातळ, आंबूस काकवी स्वस्त मिळते, पण लवकर नासते. दाट, स्वच्छ काकवी पुढील गुऱ्हाळापर्यंत टिकते, म्हणून अखेर तीच स्वस्त पडते.