चिलीम, गुडगुडी, विडी : नाशिक परिसरातील अनामिक कारागिरीचा इतिहास

तंबाखू ओढण्याची साधने घडविणाऱ्या कारागिरांचा युरोपातील इतिहास हा मुख्यतः नावांचा इतिहास आहे. हॉलंडमधील गौडा या गावी सतराव्या शतकात मातीचे पाइप करणाऱ्यांचा संघ होता आणि प्रत्येक कारागीर पाइपच्या टाचेवर आपली खूण उमटवीत असे. उत्खननात सापडलेल्या तुकड्यावरून तो कोणी व साधारण कोणत्या काळात केला हे अभ्यासक आजही सांगू शकतात, ते या खुणांच्या आधारे. पुढे भूमध्य सागराकाठच्या एरिका नावाच्या झुडपाच्या मुळावरील गाठीपासून पाइप कोरले जाऊ लागले, फ्रान्समधील साँ-क्लोद हे त्या धंद्याचे मोठे केंद्र झाले, आणि विसाव्या शतकात डेन्मार्कच्या सिक्स्टन इव्हार्सन (१९१०–२००१) यांच्यासारख्या कारागिराचा पाइप केवळ वळणावरून ओळखू येऊ लागला. नाशिकरोड, सिन्नर, त्र्यंबकेश्वर आणि शिर्डी या टापूतही तंबाखूची साधने हातांनीच घडली, ती मोठ्या संख्येने घडली आणि त्यांतही हाताहाताचा फरक होता. मात्र कारागिराचे नाव त्यांवर कधी आले नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी दख्खनमधील तंबाखूच्या आरंभापाशी जावे लागते.

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आला आणि तेथून दख्खनच्या दरबारांत पोचला. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४–०५ च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने तंबाखू व तो ओढण्याचे साधन बादशहापुढे ठेवले. त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या वर्णनानुसार त्या साधनाची तीन हात लांबीची नळी सुमात्रातील आचीन येथील होती, तिची दोन्ही टोके रत्नांनी व मिन्याने मढविलेली होती आणि ओठांशी धरावयाचा भाग येमेनी अकीकाचा होता. अकबराने एकदोन झुरके घेतले, राजवैद्याने हरकत घेतली, आणि पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली हे नंतरच्या मोगल चित्रांत जागोजाग दिसणाऱ्या हुक्क्यांवरून उघड होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या वर्णनात नळी कोठली, अकीक कोठला हे सारे आहे, पण ती घडविणाऱ्याचे नाव नाही.

हुक्क्याच्या, म्हणजे मराठीत गुडगुडीच्या, बाबतीत दख्खनची खरी देणगी बिदरी कामाची. जस्ताच्या सुमारे सोळा भागांत तांब्याचा एक भाग मिसळून ओतलेल्या भांड्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी बिदरच्या जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने भांडे घासायचे, असे हे तंत्र आहे. लेपाने मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत बिदरी कारागिरांच्या हातून जे उत्तम काम झाले त्यात गुडगुडीच्या तळाला, म्हणजे पाणी भरावयाच्या भांड्याला, फार मोठे स्थान आहे. संग्रहालयांत हे तळ आकारावरून लावले जातात : जुने तळ गोल, चेंडूसारखे, वेटोळ्यावर ठेवावे लागणारे, अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचे घंटेच्या आकाराचे, आपल्या बुडावर स्थिर बसणारे. नक्षीवरून कामाचा काळ व घराणे ओळखता येते, व्यक्ती ओळखता येत नाही. आणि ते स्वाभाविकही होते, कारण गुडगुडी ज्याच्या दिवाणखान्यात असे त्याच्या ऐपतीची ती खूण होती.

सामान्य माणसाची चिलीम हा वेगळाच विषय आहे. ती कुंभाराची वस्तू. चाळलेल्या मऊ मातीची लहानशी नळी, वर रुंद व खाली निमुळती, कधी चाकावर काढलेली तर कधी काडीभोवती हाताने वळलेली, सावलीत वाळवून गाडग्या-मडक्यांबरोबरच आव्यात भाजली जाई. भाजणीच्या अखेरीस धूर आत कोंडला तर ती काळी निघे, मोकळी हवा लागली तर तांबडी. ओढताना निखारा व तंबाखू खाली सरकू नये म्हणून आत मध्यावर खडा बसवीत आणि खालच्या तोंडाशी ओल्या कापडाची चिंधी गुंडाळीत. या चिंधीला छापी म्हणतात. छापीमुळे धूर थोडा गार होतो, राख तोंडात येत नाही, आणि एकच चिलीम बैठकीत हातोहात फिरली तरी ओठ मातीला लागत नाहीत. कोठल्या गावची माती, कोठल्या कुंभाराचा गळा किती बारीक, हे त्या पंचक्रोशीतील ओढणाऱ्याला पाहताक्षणी कळत असणार. पण हातातून पडली की फुटणाऱ्या आणि फुटली की दुसरी घेण्याच्या वस्तूवर सही करण्याचे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

या परिसरात चिलमीला प्रतिष्ठा मिळाली ती घडविणाऱ्यामुळे नव्हे, तर ओढणाऱ्यामुळे. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव आखाडे नाशिकला उतरतात, आणि रेल्वेने येणाऱ्या साधूंचा व यात्रेकरूंचा लोंढा नाशिकरोड स्थानकावरच येतो; साधूंच्या सामानात चिमटा व कमंडलूबरोबर चिलीम असतेच. शिर्डीच्या साईबाबांची (निधन १९१८) चिलीम ही तर भक्तांच्या स्मृतीत घट्ट बसलेली वस्तू आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्री साईसच्चरित’ या ग्रंथातील चांद पाटलाच्या कथेत चिलीम व छापी या दोन्ही येतात, आणि बाबांच्या वापरातील चिलीम शिर्डीत जतन करून ठेवलेली आहे. ती दर्शनाची वस्तू झाली. ती वळणाऱ्या कुंभाराची विचारपूस मात्र कोणी केल्याचे दिसत नाही. नाशिकरोडला लागूनच असलेल्या देवळालीच्या छावणीत इंग्रज सोल्जर व अधिकारी लाकडी पाइप ओढीत, परंतु ते पाइप समुद्रापलीकडून येत. त्यांपासून येथे कोरीव कामाचा धंदा उभा राहिला नाही.

चिलीम मागे पडली ती विडीमुळे. पानात तंबाखू गुंडाळून ओढण्याची रीत पश्चिम भारतात जुनीच होती आणि त्यासाठी आपट्याचे पानही वापरले जाई. १८९९ च्या दुष्काळात गुजरातेतून बाहेर पडलेल्या व गोंदिया भागात रेल्वेच्या कामावर आलेल्या मंडळींना तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे, पान अधिक सोयीचे असल्याचे दिसले. ते लवकर चिरत नाही, वळते आणि दीर्घकाळ टिकते. त्यांच्यापैकी मोहनलाल व हरगोविंददास पटेल यांनी १९०२ च्या सुमारास जबलपूरला कारखानदारी सुरू केली. पुढे स्वदेशीच्या व असहकाराच्या चळवळींत विलायती सिगारेटीवर बहिष्कार पडला आणि विडीची मागणी वाढली. ज्या कोरडवाहू गावांत पावसाळ्यानंतर हातांना काम उरत नाही तेथे हा धंदा फोफावला. सिन्नर हे त्याचे ठळक उदाहरण. पर्जन्यछायेत सापडलेला तालुका, गावात लोहमार्ग नाही, पण नाशिक–पुणे रस्त्यावर नाशिकरोडचे स्थानक जवळ. पान विदर्भ-मध्य प्रांतातील जंगलांचे, तंबाखू गुजरातचा किंवा निपाणीकडचा, आणि गावचे स्वतःचे असे काही असेल तर फक्त वळणाऱ्यांचे हात. गोंदेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळे दगडी कोरीव कामासाठी नावाजलेल्या या गावाची विसाव्या शतकातील ख्याती अशा रीतीने पानावरच्या कामाची झाली.

हे काम वरवर सोपे दिसते. पाने रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवतात. सकाळी पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीने चौकोन कापतात, तोही शिरांची दिशा पाहून, कारण जाड शीर आडवी आली तर पान वळताना फुटते. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली पाने व दुसऱ्या बाजूला तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानाच्या लांबीवर पसरून तो एका टोकाला किंचित जास्त ठेवायचा, बोटांनी पान तिरपे वळत न्यायचे, रुंद तोंडाच्या कडा आत दुमडायच्या आणि निमुळत्या टोकाशी दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारायची. दाब जास्त झाला तर विडी ओढली जात नाही, कमी झाला तर विझते. सराईत स्त्री दिवसभरात हजाराच्या आसपास विड्या वळते, आणि मजुरीही हजारी, म्हणजे हजार विड्यांच्या दराने मिळते. प्रत्येकीचे वळण निराळे असते. कोणाची विडी टोकाशी अधिक निमुळती, कोणाची गाठ जरा वर. हे निराळेपण हेच कारखानदाराच्या दृष्टीने दोष ठरते, कारण त्याला सर्व हातांची विडी एकसारखी हवी असते.

ओळख हवीच होती, पण ती मालाची आणि मालकाची. बंडलावरचा रंगीत कागद, त्यावरचा प्राणी, देव किंवा खुद्द मालकाचे छायाचित्र, शेजारी नक्कल करणाऱ्यांना इशारा, आणि ठरावीक रंगाचा दोरा, म्हणजे छाप. निरक्षर गिऱ्हाईकही दोऱ्याच्या रंगावरून आपली विडी मागत असे. १९४० चा व्यापारचिन्हांचा कायदा १९४२ मध्ये अंमलात आल्यावर ही छाप नोंदवून घेण्याची सोय झाली व तिच्या नकलेवरून खटले लढले जाऊ लागले. युरोपात कारागिराच्या खुणेने जे काम केले ते येथे दुकानदारीच्या चित्राने केले. आता एप्रिल २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर आरोग्याचा सचित्र इशारा छापावा लागत असल्याने मालकाच्या चेहऱ्यालाही कोपऱ्यात सरकावे लागले आहे.

वळणाऱ्या हाताची पारख मात्र रोज होत होती. संध्याकाळी विड्या जमा करताना तपासनीस त्या हातात खेळवी आणि ज्या पसंत नसतील त्या बाजूला काढी. या नाकारलेल्या विड्यांना छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नसे आणि पुष्कळदा छाट परतही मिळत नसे, म्हणून कामगारांचा सर्वांत जुना व कडवट तंटा हाच होता. तत्कालीन मुंबई सरकारने किमान वेतनाच्या अधिसूचनेत छाटीसंबंधी कलमे घातली, तेव्हा गोंदियाच्या व्यापारी संघाने त्यांना आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. गजेंद्रगडकर यांच्या निकालाने ती कलमे किमान वेतन कायद्याच्या कक्षेबाहेरची म्हणून रद्द केली. लगेच पुढच्या वर्षी सिन्नरची भिकुसा यमासा क्षत्रिय ही पेढी आणि संगमनेर-अकोले तालुक्यांची विडी कामगार संघटना यांचा किमान वेतनाचा वाद त्याच न्यायालयापुढे आला. छाटीच्या तंट्यांना कायद्यात जागा मिळाली ती १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने.

तोपर्यंत बरेचसे काम कारखान्यातून घरोघर गेले होते. १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधीची योजना विडीधंद्याला लागू झाली तेव्हा मालकांनी असा मुद्दा मांडला की घरी बसून, वाटेल त्या वेळी, घरातल्या कोणाच्याही मदतीने विड्या वळणारी बाई ही नोकर नव्हेच, तिच्यावर देखरेख आहे कोठे? पी. एम. पटेल अँड सन्स यांच्या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर दिलेले उत्तर या सगळ्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे : विडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचीच कामावर देखरेख असते, तेव्हा घरी वळणारी स्त्री ही त्याची कामगार होय. पिढ्यान्‌पिढ्या जिच्या आधारे मजुरी कापली गेली ती छाटच अशा रीतीने नोकरीचा पुरावा ठरली, आणि विडी कामगार कल्याण निधीच्या नियमांनुसार मालकाने द्यावयाच्या ओळखपत्रावर छायाचित्रासह व भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर विडी वळणारीचे नाव लागू लागले.